सायकली मागं लटकवा, पण मागच्याला दिसा

कॅम्परव्हॅनचे व्हिडिओ तुम्ही बघितलेच असणार. पांढरी गाडी, आत लाकडी पलंग, खिडकीत दिव्यांची माळ आणि मागच्या दारावर रुबाबात टांगलेल्या दोन सायकली. व्हिडिओ जर्मनीतला नाहीतर नॉर्वेतला, आणि बघणारा शेवगावच्या स्टँडसमोर कटिंग पीत बसलेला. मग ग्रुपमधल्या कुणाच्या तरी घरची ईको पुढे येते. मागची सीट काढू, गादी टाकू, सायकली डिकीवर लटकवू, थंडीत नाथसागरावर रोहित पक्षी बघायला जाऊ. गाडी पाण्यापासून लांब लावायची आणि पुढचं सगळं सायकलवर. ऑनलाइन रॅक मिळतो, पट्टे लावले की झालं काम.

बेत झकास आहे. त्याला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पाणवठ्याच्या कडेनं हिंडायला सायकलीसारखं वाहन नाही. तिला आवाज नसतो, त्यामुळे पक्षी उडत नाहीत, आणि चिखलवाटेवर अडकली तर उचलून घेता येते. राज्य सरकारनंही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे चाकांवरच्या घराची हौस आता सरकारदरबारीही मान्य आहे. माझं भांडण फक्त ‘पट्टे लावले की झालं काम’ या वाक्याशी आहे.

खरं तर चाकांवरचं घर आपल्या भागाला नवं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेवगाव-पाथर्डीच्या रस्त्यावर उभं राहा. ऊसतोडीला निघालेले ट्रक दिसतील. आत माणसं, लेकरं, भांडी, चूल, शेळी, आणि मागच्या फाळक्याला दोरखंडानं आवळलेली सायकल नाहीतर मोटारसायकल. त्यांनी हे हौसेनं केलेलं नसतं. पण एक गोष्ट बघण्यासारखी असते. ती सायकल ट्रकच्या लोखंडी फाळक्याला बांधलेली असते, पत्र्याच्या दाराला नाही. वजन कुठं टाकायचं, हे त्या बांधणाऱ्याला नेमकं कळलेलं असतं.

आपल्या ईकोचं मागचं दार म्हणजे फाळका नव्हे. ते वर उघडणारं दार आहे. वरच्या बाजूला दोन बिजागऱ्या, मध्ये काच, खाली पातळ पत्रा आणि एक कुलूप. डिकी उघडल्यावर तिला वर धरून ठेवणारे शॉकर फक्त दाराचंच वजन पेलण्याच्या हिशोबानं बसवलेले असतात. पट्ट्यांचा रॅक या दाराच्या कडांना हुक अडकवून बसतो. वरचे हुक छताजवळच्या कडेला, खालचे तळाला, काही बाजूंना. रॅकचे पाय काचेवर टेकले तर काचेचा निकाल, पत्र्यावर टेकले तर पोचा. म्हणून रॅक घेताना ‘किती सायकली बसतात’ हा पहिला प्रश्न विचारू नका. पहिला प्रश्न असा, की माझं दार कसं उघडतं आणि त्याच्या कडांचा पत्रा किती जाड आहे? आपल्या गाडीचं मॉडेल रॅक बनवणाऱ्याच्या यादीत नसेल, तर तो रॅक आपल्यासाठी नाही. दुकानदार कितीही म्हणू दे, ‘सगळ्यांना बसतो’.

बाजूला उघडणारं दार असेल तर मामला वेगळा. बोलेरोच्या मागच्या दारावर स्टेपनी असते, म्हणजे ते दार मुळातच चाकाचं वजन बाहेर टांगून घ्यायला बनलेलं आहे. स्टेपनीच्या बोल्टांवर बसणारे रॅकही मिळतात. पण तिथंही विसरू नका, की स्टेपनी दाराला चिकटून असते आणि सायकली तिच्याही बाहेर.

या ‘बाहेर’चा अर्थ समजून घ्यायचा असेल तर घरातली बादली घ्या. दहा लिटर पाणी भरा, म्हणजे झाले दहा किलो. अंगाला धरून उचला, काही वाटत नाही. आता हात ताठ पुढे करून धरून दाखवा. दहा सेकंदांत खांदा ओरडायला लागेल. वजन तेवढंच राहिलं, अंतर वाढलं. दाराच्या बिजागरीचं हेच होतं. आपल्याकडची ती काळी, चोवीस इंची दांडीची सायकल वीस किलोच्या आसपास भरते. दोन सायकली म्हणजे चाळीस, वर रॅकचं वजन. हे सगळं दारापासून फूट-दीड फूट बाहेर लोंबतंय. शिवाय हा हिशोब गाडी उभी असतानाचा आहे. खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून धडकन गेलात, की त्या क्षणापुरता तोच भार दुप्पट-तिप्पट होऊन दाराला हिसका देतो. आपल्या तालुक्यातल्या रस्त्यांवर असे हिसके किती बसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. परदेशात रॅकवर जो आकडा छापतात तो बहुतेक हलक्या सायकली धरून असतो, पंधरा किलोची एक वगैरे. ‘तीन सायकलींचा रॅक’ म्हणजे आपल्या दोन काळ्या सायकलींचा. कधी कधी एकीचाच. सायकलींची संख्या वाचू नका, किलो वाचा. आणि गाडी सीएनजीवर असेल तर टाकी आधीच डिकीत बसलेली आहे, हेही धरा. मागं जास्त वजन पडलं की गाडीचं नाक उचलतं, हेडलाइट वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो.

लेडीज सायकलींचा घोळ आणखी निराळा. मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना ज्या सायकली मिळतात, तशा सायकलींना वरची आडवी दांडी नसते. टांगायच्या रॅकचे दोन हात त्या दांडीखाली जावेत अशी कल्पना असते. दांडीच नाही म्हटल्यावर सायकल तिरपी लोंबते, एक चाक रस्त्याकडे झुकतं, आणि ईकोचा सायलेन्सर मागंच असल्यामुळे टायर त्याच्या धुरासमोर येतं. सीटचा पाइप आणि हँडल यांच्यामध्ये लावायची एक आडवी नळी मिळते. ती घ्या, नाहीतर चाकं खाचेत ठेवून सायकल उभी धरणारा रॅक बघा.

इथवरचं सगळं तुमच्या गाडीचं आणि तुमच्या खिशाचं. डिकी वाकली तर घरी बोलणी बसतील, तेवढंच. आता खरा मुद्दा.

गळीत हंगामात अंधार पडल्यावर पैठण रस्त्यानं घोटणकडे गाडीवर गेला असाल, तर तो अनुभव तुम्हाला आहे. समोर एकदम काळी भिंत उभी राहते. ऊस भरलेली ट्रॉली. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर. ब्रेक दाबता दाबता तोंडातून शिवी निघते. अशा ट्रॉलीवर मागून आदळून गेलेल्या पोरांच्या बातम्या दर हंगामात याच पेपरात येतात. आपण चिडतो, स्टेटस ठेवतो, कारखान्यांनी रिफ्लेक्टर लावावेत म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो.

मग आपणच आपल्या गाडीचे मागचे दिवे दोन सायकलींनी झाकतो. ते चालतं?

‘चाकातून दिसतो की उजेड’, असं उत्तर मिळतं. आऱ्यांमधून दिसतो, मान्य. पण टायर, मडगार्ड, पेडल, कॅरिअरला अडकवलेली पिशवी, पावसाला वर टाकलेला कागद, यातून किती दिसतो? आणि कुणाला दिसतो? गाडीमागं दोन पावलांवर उभ्या असलेल्या तुमच्या मित्राला दिसणं वेगळं आणि समोरच्या लाइटनं डोळे दिपलेल्या, हेल्मेटच्या काचेवर धूळ बसलेल्या माणसाला दिसणं वेगळं. त्याला तुमचा ब्रेकचा दिवा कळायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर ताशी साठच्या वेगात तो तेवढ्यात आठ मीटर पुढे आलेला असतो. ईकोच्या लांबीच्या दुपटीहून थोडं जास्तच.

आता रुंदीचं बघू. ईको १४७५ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे पुरती दीड मीटरही नाही. मोठ्या माणसाची सायकल टोकापासून टोकापर्यंत पावणेदोन मीटरच्या पुढे जाते, जुनी काळी तर त्याहूनही लांब. आडवी टांगली की दोन्ही बाजूंनी मिळून फूटभर तरी बाहेर. ड्रायव्हरला आरशात हे नीट दिसत नाही. शेजारून ओव्हरटेक करणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या गुडघ्याच्या उंचीला मात्र ते चाक बरोब्बर येतं. त्यानं ईकोच्या पत्र्याचा अंदाज धरलेला असतो, तुमच्या चाकाचा नाही.

कायद्यानंही याकडे डोळेझाक केलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४ मध्ये एक पोटकलम आलं. गाडीवर लादलेली वस्तू मर्यादेपलीकडे बाजूंना, पुढे, मागे किंवा वर निघालेली असेल तर वीस हजार रुपये दंड, वर ती उतरवण्याचा खर्च. कॉलेजच्या ट्रिपचं सगळं बजेट एका पावतीत. उपाय मात्र अगदी सोपा आहे. सायकलचं पुढचं चाक काढून गाडीत ठेवा. मग सायकल दीड मीटरच्या आत येते, वजन कमी होतं आणि एका बाजूचा दिवाही मोकळा होतो. गिअरच्या सायकलींना एक खटका दाबला की चाक हातात येतं. काळीला पाना लागतो, आणि दांड्यांचे ब्रेक असतील तर थोडी शिव्यागाळ. लागू दे.

उरला दिव्यांचा प्रश्न. त्याचं उत्तर आपल्याकडे परदेशाइतकंच जुनं आहे, फक्त ते ट्रॅक्टरवाल्यांकडे आहे. ट्रॉलीला दिवे जोडायची गोल सॉकेट, वायर, लाल दिव्यांचा जोड, सगळं ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतं. एका पट्टीवर दोन टेललाइट, ब्रेक, इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर बसवायचे, ती पट्टी सायकलींच्या मागं बांधायची आणि पिन सॉकेटमध्ये घालायची. युरोपात रॅकच्या मागं जी दिव्यांची पाटी दिसते ती याहून फार वेगळी नसते. व्हिडिओत ती दिसत नाही, कारण फोटो काढताना ती काढून ठेवतात! शिवाय सायकलींच्या मागच्या बाजूला लाल परावर्तक पट्टी चिकटवा. लालच. पांढरी पुढच्या बाजूची, पिवळी बाजूंची. ही खूण मागून येणाऱ्याला अंधारात दिशा सांगते. हौसेनं निळ्या-हिरव्या पट्ट्या लावू नका.

नंबर प्लेटचं मात्र घोडं अडतं. रॅक आणि सायकली ईकोच्या डिकीवरची प्लेट हमखास झाकतात. नंबर झाकून गाडी चालवणं नियमात बसत नाही, आणि बसूही नये. धडक देऊन पळणाऱ्याचा नंबरच आपण शोधत असतो ना? एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट कंपनीकडूनच येते. तिचा लॉक एकदाच बसतो, काढायचा म्हणजे तोडायचा. म्हणजे प्लेट सोडवून सायकलवर बांधायची सोय नाही. पेंटरकडून दुसरी रंगवून घ्यावी, तर ती अधिकृत नाही.

इथं मी सरकारकडे बोट दाखवतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांत सायकल रॅकसाठी त्याच नंबरची जादा प्लेट अधिकृतपणे मिळते. जर्मनीत रॅकवर तोच नंबर पुन्हा लावावाच लागतो. आपल्याकडे कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आहे, सायकल चालवा म्हणून जाहिराती आहेत, दर आषाढीला नाशिकसारख्या शहरांतून पंढरपूरला सायकल वारी निघते. या सगळ्यात सायकल गाडीवरून कायदेशीर कशी न्यायची, याची एक साधी वाट हवी. आरटीओनं फी घ्यावी, रॅकसाठी तिसरी उच्च सुरक्षा प्लेट द्यावी आणि रॅकवर दिवे सक्तीचे करावेत. मागणी करायचीच तर ही करा. ‘पोलीस उगाच अडवतात’ अशी कुरकुर करण्यापेक्षा ही मागणी जास्त पोचेल.

तोवर काय? तोवर रॅक असा निवडा की प्लेट उघडी राहील. काही रॅक सायकली वर, काचेच्या उंचीला धरतात. त्यांनी मागचं दिसणं कमी होतं, पण प्लेट आणि दिवे बऱ्यापैकी मोकळे राहतात. दोन्हींतलं एक निवडायचं तर मी काच झाकेन. मागचं बघायला बाजूचे आरसे आहेत. माझा नंबर आणि माझा ब्रेक बघायला मागच्या माणसाकडे दुसरा आरसा नाही.

आता वेल्डिंगवाल्या दादांकडे जाऊ. गावात उत्तम फॅब्रिकेशन करणारे हात आहेत. ट्रॉल्या, नांगर, गेट, काय म्हणाल ते. ‘ऑनलाइन कशाला, मी अँगल मारून देतो, हत्ती लटकव’, असं ते म्हणतील, आणि अँगल खरंच हत्ती पेलेल. मोडेल ते अँगल जिथं जोडला तो दाराचा पत्रा. दारावर थेट वेल्डिंग करू देऊ नका. पातळ पत्रा जळतो, आतला रंग उडतो आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज सुरू होतो. भोक पाडून बोल्ट टाकायचेच असतील तर आतल्या बाजूनं रुंद लोखंडी पट्टी हवी, म्हणजे भार एका भोकावर न येता पसरतो. नट नायलॉनच्या कड्याचे हवेत, जे थरथरीनं ढिले पडत नाहीत. भोकाच्या कडेला रंग आणि सील. आणि हे सगळं घरच्या गाडीत, घरच्यांना विचारून. भाड्याच्या गाडीला भोक पाडायचा विचारही नको.

इथं कायद्याचं कलम ५२ ही लक्षात असू द्या. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही यावर कडक भूमिका घेतली. मोटर कॅरव्हॅनसाठी तर एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. म्हणजे सीट उपटून पलंग ठोकणं ही रॅकपेक्षाही मोठी भानगड. दहा मिनिटांत लागणारा आणि दहा मिनिटांत निघणारा रॅक, सीट जागेवर आणि गादी सीटवर अंथरलेली, एवढ्यावर भागवा. अपघात झालाच तर विमा कंपनीला वाद घालायला जागा राहू नये.

आणखी एक गोष्ट, जी व्हिडिओत कुणी बोलत नाही. सायकली कुलूप लावून, पट्टे आवळून डिकीवर बांधल्या, की ते दार बंद झालं. आत चार जण झोपलेत आणि कुणीतरी पाच किलोच्या सिलिंडरवर मॅगी करतोय. आग लागली तर बाहेर पडायला उरतात ती बाजूची दारं. एक तरी आतून उघडतंय, समोर बॅगा नाहीत, हे झोपण्याआधी बघा. स्वयंपाक गाडीबाहेर करा. नाहीतर मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम सायकली उतरवायचं, आणि तुम्ही तिथं सायकल चालवायलाच तर गेलात!

मला कुणी विचारलं, की दोन काळ्या सायकली आणि एक ईको आहे, कोणता रॅक घेऊ, तर मी सांगेन, मागच्या दाराचा घेऊच नकोस. एका सायकलची चाकं काढून ती आत आडवी टाका. दुसरीसाठी छतावर कॅरिअर बसवा. टपावर सामान चढवण्यात आपला हात बसलेला आहे. एसटीच्या टपावर सायकली, पोती, कोंबड्यांच्या डालग्या चढवलेल्या आपल्या आजोबांना विचारा. दिवे उघडे, नंबर उघडा, दार उघडं. फक्त छताची वजनाची मर्यादा गाडीच्या पुस्तकात बघा आणि झाडाची फांदी, पेट्रोल पंपाचं छप्पर ध्यानात ठेवा. गाडीत बसल्यावर टपावर सायकल आहे हे माणूस हमखास विसरतो, म्हणून स्टिअरिंगला एक चिठ्ठी बांधा. मागच्या दाराचा रॅक घ्यावा तो हलक्या सायकलवाल्यांनी, भक्कम दाराच्या गाडीवाल्यांनी, आणि ज्यांची दिव्यांची पट्टी तयार आहे त्यांनी.

बांधताना जुनी ट्यूब जरूर वापरा, पण ती रबराची गादी म्हणून, सायकल आणि रॅकच्या मध्ये. धरून ठेवायचं काम खटक्याच्या पट्ट्यांना द्या. ट्यूब ताणते, उन्हात मऊ पडते आणि नेमकी नको तिथं तुटते. हँडल एका जागी बांधून टाका, नाहीतर ते वळत राहतं. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून खोचा, फडफडून ती चाकात जातात. निघाल्यावर पाच-सात किलोमीटरवर थांबा आणि पट्टे पुन्हा ओढा, कारण सुरुवातीच्या हिसक्यांनी सगळं थोडं बसतं आणि सैल होतं. मग प्रत्येक चहाला एकदा हात लावून बघा.

आणि निघायच्या आदल्या रात्री एक करा. सगळं बांधून झालं की गाडी बिनदिव्याच्या रस्त्याच्या कडेला लावा. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, इंडिकेटर द्यायचा. बाकीच्यांनी शंभर पावलं मागं जायचं, जमलं तर मोटारसायकलवर बसून, डीम लाइटवर. ब्रेक दाबला कधी, वळतंय कुठं, नंबर काय, हे न विचारता सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर सायकली उतरवा आणि पुन्हा बांधा. परत आल्यावर रिकामा रॅक दारावर तसाच ठेवून गावभर हिंडू नका. त्याचे बाहेर आलेले दोन दांडे गर्दीच्या चौकात कुणाच्या तरी डोळ्याच्या उंचीला असतात.